एकशे अठरा, मुक्काम मोरी

मी गोष्टी मनात धरून ठेवणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. कोणी माझ्या पायावर पाय दिला, तर दहा वर्षांनीही मला आठवतं की डावा होता का उजवा. तेव्हा ही हकिगत माझ्या तोंडून ऐकायची तर तिखटमीठ लागणारच. ज्यांना सौम्य हवी असेल त्यांनी ताईंना विचारावं. त्या म्हणतील, "काही नाही गं, झालं ते झालं." झालं ते झालं म्हणे! माझ्या अंगाची अजून लाही लाही होते.

ताई म्हणजे आमच्या कॉलेजच्या सूक्ष्मजीव विभागातल्या बाई. त्यांच्या हुद्द्याचं नाव दारावरच्या पाटीत मावत नव्हतं, पण काम एकच होतं. चारशे बारा जीव जिवंत ठेवायचे. जिवाणू, यीस्ट, बुरशा, सगळी मंडळी. प्रत्येकाला एक काचेची ट्यूब, ट्यूबमध्ये तिरकी गोठवलेली जेली, तोंडाला कापसाचा बोळा. जेली वाळत आली की आतल्या जिवाचा कणभर भाग तारेच्या टोकाने उचलायचा आणि नव्या ट्यूबमध्ये लावायचा. बाकीचे त्याला सबकल्चर म्हणत, ताई म्हणत 'घर बदलणं'. दर तीन महिन्यांनी चारशे बारा घरं, अशी सव्वीस वर्षं. सुट्टीवर गेल्या तरी त्यांचं अर्धं लक्ष इकडेच. मुलीच्या लग्नात अक्षरशः मांडवातून मला फोन केला होता, "उबवणीच्या कपाटाचं दार नीट लागलंय ना गं?"

मी खाली तळघरात काचा धुते. वर वापरलेलं सगळं खाली माझ्याकडे येतं. तिथे दगडी मोरी आहे, चांगली खोल, आणि मोरीला लागून ऑटोक्लेव्ह, म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा प्रेशर कुकर. जे मारायचं ते त्यात शिजवतात. त्याचं उकळतं पाणी दिवसातून चारदा माझ्या मोरीत सुटतं. पाय भाजून घ्यायचे नसतील तर केव्हा बाजूला व्हायचं, हे मला आता पाठ झालंय.

ताईंची एक रीत होती. कोणी काही मागायला आलं की नाही म्हणायचं नाही, पण मागितलेल्या ट्यूबबरोबर आणखी एक ट्यूब त्याच्या गळ्यात मारायची. सुरुवात व्हिनेगरवाल्या काकूंपासून झाली. त्यांच्या पिंपांतला रस आंबायचाच थांबला होता, धंदा बसायची वेळ आली होती. ताईंनी त्यांना हवा तो जिवाणू दिला आणि वर एक भलतीच बुरशी हातात ठेवली.

"हे काय?" काकू म्हणाल्या.

"पाहुणा. याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. फक्त जगवायचा. दर तीन महिन्यांनी घर बदलायचं, कसं ते मी शिकवते, जेली माझ्याकडून न्यायची."

"आणि मेला तर?"

"तर मला येऊन तोंडावर सांगायचं."

एवढ्यावर सुटका नाही. प्रत्येक जिवाचं एक कार्ड असे. नंबर काय, कुठून मिळाला, कोणी वेगळा केला, काय खातो, किती उबेला वाढतो. नेणाऱ्याने ते कार्ड तिथेच बसून स्वतःच्या हाताने उतरवून काढायचं, शब्द न शब्द. झेरॉक्स चालणार नाही. "झेरॉक्स माणूस टाकून देतो, आपलं अक्षर टाकवत नाही," ताई म्हणत. त्या शेजारी उभ्या राहून तपासायच्या, चूक निघाली की नवं कार्ड हातात. बेकरीवाल्याने 'कुजक्या पानावरून' याऐवजी नुसतं 'पानावरून' लिहिलं, तर त्या गलेलठ्ठ माणसाला तीनदा लिहायला लावलं. घाम पुसत लिहीत होता बिचारा. घड्याळजी आला होता दुर्बिणीच्या भिंगावरची बुरशी कशी काढायची ते विचारायला. त्याला काही द्यायचं नव्हतंच, तरी जाताना पाहुणा घेऊन गेला. तो घड्याळजी इतका काटेकोर, की बरोब्बर नव्वदाव्या दिवशी घर बदलायचा.

मांजरीची पिल्लं वाटावीत तसे ताई पाहुणे वाटत. मी पोट धरून हसायचे. मलाही तीनदा देऊ केला. मी म्हटलं, "ताई, घरी नवरा सांभाळतेय, तेवढा एक जीव पुरे."

आता कोटाबद्दल. कोट म्हणजे आमचे विभागप्रमुख. हे नाव मी ठेवलं आणि पुढे शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांनी उचललं. पांढरा कोट घातल्याशिवाय हा माणूस कोणी पाहिलेला नाही. प्रयोगाला हात मात्र लावायचा नाही, सगळा वेळ भाषणं, सत्कार आणि फोटो.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या घासायच्या ब्रशावर नारिंगी बुळबुळीत थर चढायला लागला. मी ब्रश टाकला, नवा आणला, आठवड्यात परत तेच. पण गंमत अशी, की त्या घाणेरड्या ब्रशाने चरबीचे डाग हात फिरवताच निघायचे. मी ताईंना दाखवला. ताईंनी ब्रश हुंगला. हो, हुंगला! आणि तारेने थोडं उचलून वर घेऊन गेल्या. आठ दिवसांनी मला बोलावलं. प्लेटमध्ये चरबी घातलेली दुधाळ जेली, तिच्यावर नारिंगी ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती स्वच्छ गोल खळं.

"चरबी खाऊन टाकलीय बघ त्याने," ताई म्हणाल्या. "आणि तुझ्या मोरीतल्या उकळत्या पाण्यात टिकलाय. असा जीव मी आजवर पाहिला नाही."

त्यांनी त्याला एकशे अठरा नंबर दिला, कारण तो रिकामा होता. कार्ड लिहिलं. कुठून मिळाला: तळघरातली मोरी. कशावरून: काचा धुणाऱ्या बाईंचा ब्रश. कोणी वेगळा केला: तिथे ताईंचं स्वतःचं नाव. पगारपत्रक सोडून कुठल्या कागदावर माझा उल्लेख व्हायची ती पहिली वेळ. मी घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

कोट आला, त्याने प्लेट उजेडात धरली आणि त्याचे डोळे चमकले. एक ट्यूब आणि कार्ड घेऊन गेला. दोन वर्षांनी त्याचा निबंध छापून आला. उष्णता सोसणारा, चरबी फस्त करणारा नवा जिवाणू! कुठे सापडला? तर डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यात, स्वतः साहेबांनी दोन दिवस पायपीट करून आणला. लिफ्ट बंद पडली तर पहिल्या मजल्यावर दम खाणारा माणूस! झऱ्यापुढे उभं राहून काढलेला फोटो केबिनमध्ये टांगला. सत्कारावर सत्कार झाले. ताईंचं नाव आभाराच्या यादीतही नाही, तिथे त्याच्या ड्रायव्हरचं होतं. जुनं कार्ड फाडून नवं टाइप करून आणलं, त्यावर झरा. आणि ताईंना हुकूम सोडला, "एकशे अठरा कोणालाही द्यायचा नाही. पाहुणा म्हणूनसुद्धा नाही."

"बरं," ताई म्हणाल्या.

नुसतं बरं! मला त्या दिवशी वाटलं, या बाईला कणाच नाही. मी चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. मला हे माहीत नव्हतं, की कार्ड त्याच्या हातात देण्याआधी ताईंनी स्वतःच्याच नियमाप्रमाणे ते शब्द न शब्द उतरवून घेतलं होतं आणि घरी चपलांच्या खोक्यात बाकीच्या कार्डांबरोबर ठेवलं होतं.

आता जे सांगायचंय ते सांगताना अजूनही माझी जीभ जड होते. तीन वर्षांपूर्वी ताईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे रजा. कोटाला एक नवं यंत्र मिळालं होतं, जिवाची आतली सगळी रचना वाचून कागदावर छापणारं. त्याला खोली हवी होती. ताईंची खोली. तो माझ्याकडे तळघरात आला, हातात सही केलेली चिठ्ठी.

"सगळ्या ट्यूब खाली आण आणि ऑटोक्लेव्हला लाव."

"सगळ्या? साहेब, ताई येईपर्यंत तरी..."

"ताईंना मी सांगेन. सगळं वाचून कागदावर घेतलंय आपण. जिवंत ठेवायची आता गरज काय? तुझी नेमणूक अजून तात्पुरतीच आहे ना गं?"

शेवटचं वाक्य किती गोड आवाजात बोलला तो! मी समजले. ट्यूबच्या सहा टोपल्या झाल्या. पहिली टोपली ठेवायच्या आधी त्याने त्यातली एक ट्यूब दोन बोटांनी उचलली. एकशे अठरा. "एवढी मी माझ्या फ्रीझरमध्ये ठेवतो," म्हणाला. बाकी चारशे अकरा मी शिजवल्या. माझ्या या हातांनी. झाकण मी लावलं, वाफ मी सोडली, वितळलेली जेली मी मोरीत ओतली. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. त्या दिवशी मी ठरवलं, की या माणसाचं उट्टं काढल्याशिवाय मी मरणार नाही.

ताई काठी टेकत आल्या. खोलीत यंत्र गुरगुरत होतं. त्या तशाच जिना उतरून खाली आल्या आणि माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. मी म्हटलं, "ताई, मी शिजवल्या." वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी एकच विचारलं, "पहिल्या टोपलीत कोण कोण होतं?"

मी नंबर वाचलेच नव्हते.

अकरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांची बदली सामानाच्या कोठारात झाली होती, रिकाम्या बाटल्या मोजायला. बाराव्या दिवशी खाली आल्या, मोरीच्या कट्ट्यावर पोस्टकार्डांचा गठ्ठा आणि एक चपलांचं खोकं ठेवलं.

"तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. पत्ते लिहायला बस."

खोक्यात कार्डं होती, पाठीवर नेणाऱ्यांच्या सह्या. कोणाकडे कुठला पाहुणा गेला ते सगळं. मी चाट पडले. सव्वीस वर्षं ज्याला मी हसत होते ते हे होतं. पोस्टकार्डावर मजकूर एवढाच: 'तुमच्याकडचा पाहुणा जिवंत आहे का? असल्यास त्याची एक ट्यूब जास्त लावा आणि कळवा.'

उत्तरं यायला लागली बाई! व्हिनेगरवाल्या काकू स्वतःच आल्या, पिशवीत सात ट्यूब, घरच्या टॉवेलात गुंडाळलेल्या. बेकरीवाल्याने भट्टीमागच्या फळीवर नऊ जगवले होते. घड्याळजीने आपल्या तिघांबरोबर घर बदलल्याच्या तारखांचा तक्ता पाठवला, वेळेसकट. काही जणांनी आपल्या पाहुण्याच्या ट्यूब पुढे मेहुण्याला, शेजारणीला, परगावच्या मित्राला दिल्या होत्या आणि त्यांनाही कार्ड उतरवायला लावलं होतं. एका म्हाताऱ्या मास्तरांनी चार ओळींचं पत्र लिहिलं, की माझा पाहुणा गेल्या वर्षी गेला, माझी चूक झाली, तोंडावर सांगायला येणार होतो पण जिना चढवत नाही. ताई त्या पत्रावर रडल्या. कोटाने खोली उठवली तेव्हा रडल्या नव्हत्या.

दहा महिन्यांत तीनशे एकाहत्तर मिळाले. चाळीस गेले ते गेलेच.

"आता कॉलेजात परत ठेवायचे?" मी विचारलं.

"वेडी का काय तू? एका खोलीत ठेवले म्हणून एका दिवसात गेले. आता एक जीव तीन घरांत, आणि तिन्ही घरं एका गल्लीत चालणार नाहीत."

अशी यादी तयार झाली. चौसष्ट घरं. दुसऱ्या गावांतल्या कॉलेजांतल्या ताईंसारख्याच बायाबाप्यांना वास लागला, तेही आपापले जीव घेऊन आले, कारण त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी कोट बसलेला होताच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी काकूंच्या गोदामात सगळे जमत, पिंपांच्या मधल्या बाकांवर. कोणाचं काय सुकलं, कोणाच्या ट्यूबमध्ये परकी बुरशी शिरली, कोणाला बदली पाठवायचा, ते तिथे ठरे. मी पत्ते लिहीत असे. पाहुणा मात्र मी अजूनही घेतला नव्हता. माझ्या हातांवर माझाच विश्वास नव्हता.

आणि मग कोटाचं घोडं अडलं. कुठल्याशा बाहेरच्या समितीने त्याला लिहिलं: तुमच्या प्रसिद्ध जिवाणूचा जिवंत नमुना तीन महिन्यांत पाठवा, नाहीतर निबंध मागे घ्या. कोटाने फ्रीझर उघडला. एकशे अठरा आत होता, बर्फासारखा थंड आणि ठार मेलेला. ट्यूब गोठवायची तर आधी ग्लिसरीन घालून भरावी लागते, हे पहिल्या वर्षाच्या पोरींना माहीत असतं. साहेबांनी ती तशीच नेऊन ठेवली होती. हात कधी लावलाच नव्हता कशाला, येणार कुठून? यंत्रातला कागद मात्र होता, चांगला जाडजूड. तो उबवून काय उपयोग?

मी केबिनमध्ये धुतलेल्या काचा ठेवायला गेले तेव्हा ताई तिथे उभ्या होत्या.

"बसा ना ताई. चहा मागवू?" चौदा वर्षांत पहिल्यांदा! "तुमची ती यादी आहे म्हणे. तीत एकशे अठरा कोणाकडे असेल ना?"

"नाही साहेब. तुम्हीच सांगितलं होतं, कोणाला द्यायचा नाही. मी तुमचा शब्द पाळला."

कोटाचा चेहरा पिठासारखा झाला. माझ्या हातून काच पडता पडता वाचली, इतकं मला हसू फुटलं. जे जे वाटून टाकले होते ते जगले, आणि याने कडीकुलपात ठेवलेला तेवढा मेला! घ्या म्हणावं!

पुढच्या आठवड्यात साहेब दोन सहायकांना घेऊन खरोखर त्या झऱ्यावर गेले. चार दिवसांनी परत आले, नाक सोललेलं, बरोबर तीस बाटल्या गरम पाणी. त्यात काय सापडणार? ते पाणी अंघोळीला बरं.

त्याच दुपारी मी मोरीपाशी उभी असताना माझ्या डोक्यात वीज चमकली. एकशे अठरा मेला कुठे होता? तो इथेच होता. मोरीच्या जाळीखाली, पाइपाच्या तोंडाशी, तो नारिंगी थर मी चौदा वर्षं खरवडत होते आणि तो परत येत होता. दोनच माणसांना हे माहीत, एक ताई आणि एक मी. कोट विसरूनच गेला होता. खोटं इतक्यांदा बोलला, की त्याला स्वतःलाच झरा खरा वाटायला लागला होता.

मी कपाटातून ॲसिडची बाटली काढली. ओतायची, घासायची, पुन्हा ओतायची. कायमचं संपवायचं. मग बस म्हणावं बोंबलत. मी बाटलीचं बूच काढलं, तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

"काय करतेस?"

"त्याला मिळू देणार नाही ताई. कधीच नाही."

"आणि मोरीतल्याने तुझं काय वाकडं केलंय?"

"तुम्ही बोलू नका! तुम्हाला राग कसा येत नाही? तुमचं नाव खाल्लं त्याने, तुमची खोली खाल्ली. माझ्या हातून चारशे अकरा मारवले..."

"म्हणून चारशे बारावाही तुझ्याच हातून?" ताईंनी बाटली घेतली, बूच लावलं. "राग येतो गं. तुझ्याहून जास्त येतो. पण याला मारलंस तर कोट सुटला. 'काय करणार, झऱ्यातला जीव नाहीसा झाला' म्हणून मोकळा होईल, वर लोक हळहळतील. त्याला मोकळं सोडायचंय का तुला?"

नाही सोडायचं, मी म्हटलं.

"मग ब्रश दे."

आठ दिवसांनी गोदामात, काकूंच्या जुन्या उबवणीच्या कपाटात, दुधाळ प्लेटवर नारिंगी ठिपके उठले आणि त्यांच्याभोवती तीच गोल खळी. परगावच्या एका कॉलेजातल्या बाईंनी आपल्याकडच्या यंत्रातून काढून खात्री केली. तोच. ताईंनी आधी बारा घरी तो पाठवला, चपलांच्या खोक्यातलं तळघर आणि ब्रशवालं कार्ड उतरवून घेऊन. मग कोटाला निरोप धाडला, की एकशे अठरा मिळेल. रविवारी या, इतरांसारखे.

रविवारी सकाळी दहाला कोट गोदामात आला. कोट घालूनच. बाकांवर तीसेक माणसं, सगळीकडे व्हिनेगरचा वास, आणि मध्ये एक स्टूल आणि टेबल. ताईंनी खोक्यातलं ते कार्ड समोर ठेवलं, शेजारी एक कोरं.

त्याने वाचलं. वाचून वर पाहिलं. घड्याळजीने फक्त घड्याळ पाहिलं.

"हे असंच लिहायलाच पाहिजे का? म्हणजे, नोंद तर आपल्यातच राहील ना?"

"ट्यूबबरोबर कार्ड जातं साहेब. समितीलाही जाईल. बारा घरी गेलेलंच आहे."

त्याने जाड सोनेरी पेन काढलं. लिहायला लागला. ताई शेजारी उभ्या. दुसऱ्या ओळीला त्यांनी बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंत?"

"उष्ण जलस्रोत."

"कार्डात काय आहे?"

"अहो ताई, अर्थ तोच होतो. शास्त्रीय भाषेत..."

"नवं कार्ड द्या गं साहेबांना."

मी दिलं. त्याने पुन्हा लिहिलं. या वेळी 'तळघरातील निचरा व्यवस्था'. मागून बेकरीवाला इतका मोठ्याने हसला, की बाक हलला. मी तिसरं कार्ड ठेवलं.

"मोरी लिहा," ताई म्हणाल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "म ला काना मात्रा, र ला दुसरी वेलांटी."

त्याने लिहिलं. मोरी. मग 'काचा धुणाऱ्या बाईंचा ब्रश' लिहिलं, तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही, त्या एका क्षणाची वाट मी तीन वर्षं बघत होते. शेवटी ताईंचं नाव लिहिलं आणि सही केली. त्याच्या कोटाच्या काखा ओल्या झाल्या होत्या.

ट्यूब उचलून तो उठायला लागला.

"पाहुणा राहिला," ताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू निवड."

मी पेटीतून एक ट्यूब काढली. राखाडी, काही कामाची नसलेली बुरशी. "साहेब, ही पहिल्या टोपलीत होती की नव्हती, मला माहीत नाही. असेल असं धरून चाला. दर तीन महिन्यांनी घर बदलायचं, स्वतःच्या हाताने. सहायक नाही चालणार. मी बघायला येईन."

पुढे समितीला ट्यूब गेली, कार्ड गेलं. निबंधावर दुरुस्ती छापून आली, ठळक अक्षरांत. झरा गेला, मोरी आली, आणि ताईंचं नाव पहिलं. केबिनमधला फोटो उतरला, तिथे आता नुसता खिळा आहे. ताई त्याच वर्षी निवृत्त झाल्या. त्यांचा निरोप समारंभ त्यांनी कॉलेजात करू दिला नाही, गोदामात झाला. त्या दिवशी मी पहिला पाहुणा घेतला. एकशे अठराच. कार्ड एका दमात उतरवलं, एकही चूक नाही.

तीन महिने झाले त्या दिवशी मी साबणाचे हात पुसले आणि केबिनचं दार वाजवलं. मनात म्हणत होते, मेलेला असू दे, सुकलेला असू दे, कुजलेला असू दे. तोंडावर सांगायला लावीन, सगळ्या विभागादेखत. कोट उठला. उठला, खुर्चीवरून! कपाटातून ट्यूब काढून माझ्या हातात दिली. मी खिडकीत धरली. राखाडी, ताजा, टवटवीत. बोटांना दोन ठिकाणी भाजल्याच्या खुणा होत्या त्याच्या.

"बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

मी ट्यूब इकडून पाहिली, तिकडून पाहिली.

"बोळा सैल आहे साहेब. परत करा."

आणि मी त्याच्याच खुर्चीत बसले. तो बर्नर पेटवून वाकला, तार लाल केली, बोळा काढला. अर्धा तास लागला त्याला.

संध्याकाळी ताईंकडे गेले. "कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"जिवंत आहे मेला. पण बोळा सैल होता, परत करायला लावलं."

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "होता का सैल?"

"नाही. चांगला घट्ट होता."

वाटलं, आता रागावतील. त्यांनी कॅलेंडर खाली घेतलं, नव्वद दिवस पुढे मोजले आणि तारखेभोवती पेन्सिलीने गोल केला.

"पुढच्या खेपेला मी पण येते," ताई म्हणाल्या.